तिला वारा हवा

आमच्या पेटीचा बांधा ठेंगणा आणि रुंद. अंग सागवानी, वर पॉलिशचा तांबूस काळा रंग, उचलायला दोन बाजूंना पितळी कड्या, पुढ्यात खुंट्यांची ओळ. पट्ट्या ४२, म्हणजे साडेतीन सप्तकं. सूर दुहेरी, खर्ज आणि नर. वजन इतकं की एकट्यानं उचलली तर माजघरातून पडवीत नेईपर्यंत एकदा तरी खाली ठेवावी लागते.

स्वभावानं ती सरळ आणि हट्टी आहे. पोटात असेल तेच बोलते. घाईघाईनं भाता मारणाऱ्याला ती धाप लागल्यागत खरखरीत आवाज काढून दाखवते, आणि जो शांतपणे, आपल्या श्वासाच्या लयीत वारा भरेल त्याला भरदार सूर देते. तिच्या आत आणखी एक भाता आहे. बाहेरचा वारा ओढून आत ढकलतो, आतला तो साठवून ठेवतो आणि स्प्रिंगच्या दाबानं सुरांकडे सोडतो. म्हणून हात क्षणभर थांबला तरी सूर लगेच तुटत नाही. वाजवणाऱ्याला ही उसंत ती नेहमीच देत आली आहे.

तिच्यात एक उणीव आहे, ती तिला आयुष्यभर ऐकून घ्यावी लागली. तिला मींड येत नाही. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतो, सारंगी जाऊ शकते; ही एका सुरावरचा पाय उचलते आणि दुसऱ्यावर ठेवते. मधल्या वाटेवर ती कधीच नसते. ह्याच कारणासाठी १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिला आपल्या कार्यक्रमांतून बंद केलं, आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. जन्मानंच ती परकी, हाही आरोप होता. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेंनं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ती पायांनी चालवायची, खुर्चीवर बसून वाजवायची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला जमिनीवर बसवलं आणि हाताचा भाता दिला. मग ती अशी रुळली की परकी कोण हे विचारायचं कारणच उरलं नाही. मराठी रंगभूमीनं तिला जवळ केलं, गोविंदराव टेंब्यांनी तिला बोलकं केलं, गोव्यातल्या बोरीच्या पंडित तुळशीदास बोरकरांनी तिला एकटीनं मैफल पेलायला लावली. आणि आमच्या कोकणात तर ती रेडिओच्या बंदीच्या सगळ्या वर्षांत दशावताराच्या तालमीत, सप्ताहाच्या पहाऱ्याला आणि चतुर्थीच्या भजनात रात्रभर जागत होती. तिला रेडिओवर मनाई आहे हे आमच्या गावात किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

आमच्या घरी ती आली वडलांमुळे. काजूबीचा एक बरा हंगाम लागला होता. दशावताराच्या एका कंपनीतला म्हातारा पेटीवाला आपली जुनी पेटी विकत होता, ती वडलांनी घेतली. आई महिनाभर धड बोलली नाही. पेटी घेतली ती धाकट्या भावासाठी. मुलग्यानं भजनी बुवा व्हावं ही वडलांची हौस होती, आणि मुलीनं पेटीवर बसायची आमच्याकडे रीत नव्हती. पण धाकटा लहान होता. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला की त्याचा डावा हात भात्यापर्यंत पोचायचाच नाही. म्हणून तो पुढून वाजवायचा आणि मी मागून भाता मारायची. संध्याकाळी दिवेलागणीला त्याची हाक यायची, ‘बाय, भातो मार गे!’ हातातलं काम टाकून मी जायची. तो सा-रे-ग-म चुकत-माकत चढायचा, मी वारा पुरवायची. कुठं ओढ घ्यायची, कुठं सैल सोडायचं, त्याचा सूर कधी थकणार, हे माझ्या मनगटाला त्याच्या आधी कळायचं. पुढं त्याचा हात पोचू लागला. मला कुणी तिथून उठवलं नाही. माझी गरज संपली, एवढंच. मग माझं लग्न झालं, मी कुडाळला आले.

तो मोठा होऊन एसटीच्या डेपोत मेकॅनिक झाला आणि संध्याकाळी बुवा. कोकणातला भजनी बुवा म्हणजे पेटी आणि गळा दोन्ही एकट्याचे, मागं पखवाज, झांजा आणि साथ धरणारी मंडळी. डबलबारीला समोरासमोर दोन बुवा बसतात आणि एकमेकांवर चढ करतात. तिथं उंच सूर लागतो, पांढरी चार, काळी चार. आमच्या धाकट्याचा आवाज ढाला. तो काळी एकवर षड्ज धरायचा आणि तिथून हलायचा नाही. डबलबारीत त्याचं नाव झालं नाही. पण सप्ताहात पहाटेचा पहारा त्याच्याकडे असायचा, कारण त्या वेळी देवळात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना तोच आवाज सोसायचा. त्याच्या बोटांच्या पेरांत ग्रीसचा काळपटपणा कायमचा बसला होता. पेटीच्या काळ्या पट्ट्यांचा रंग त्यानं घासून घासून उडवला, आणि पांढऱ्या पट्ट्यांपैकी पांढरी एक आणि पांढरी चार ह्या दोनच पिवळ्या पडून झिजल्या. बाकीच्या नव्यासारख्या राहिल्या. तो कुठल्या पट्टीत गात होता हे पेटीकडे नुसतं बघून कुणालाही सांगता आलं असतं.

वैशाखात एका दुपारी डेपोतच त्याच्या छातीत कळ आली. त्यानं पन्नाशीही गाठली नव्हती.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण ती फारशी बोलली जात नाही. घरात माणूस गेलं की समाचाराला येणाऱ्यांच्या मनात दुःखाची एक उतरंड असते. आधी आई, मग बायको, मग मुलं. ते बरोबरच आहे. पण भावंडाची पाळी त्यात येतच नाही. मला येणाऱ्या प्रत्येकानं तेच सांगितलं: तू थोरली, तू धीर धर, आईला सांभाळ, भावजयीकडे बघ. मी चहा केला, चटया घातल्या, फोन घेतले. गोत्र बदललेल्या बहिणीला भावाचं पूर्ण दहा दिवसांचं सुतकही नसतं. शास्त्रानं मला लवकर मोकळं केलं आणि माणसांनी कामाला लावलं. पण आईबाप मला जितकी वर्षं ओळखतील, नवरा जितकी वर्षं ओळखेल, त्या दोन्हींहून लांब ओळख ज्याच्याशी होणार होती तो माणूस गेला होता. मी लहानपणी कशी होते, कशाला घाबरायची, आंब्याच्या कुठल्या फांदीवरून पडले, हे आठवणारं माझ्या पिढीत दुसरं कुणी उरलं नव्हतं. पुढच्या म्हातारपणात जो सोबत असेल असं मी न सांगताच धरून चालले होते, तो हिशेबातून गेला. हे दुःख कुणाच्या खालोखालचं नाही. ते वेगळं आहे.

आमच्या परंपरेत ह्याला एकदा तरी जागा मिळाली आहे, आणि मला त्याचा मोठा आधार वाटतो. शके १२१८, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. मागोमाग मार्गशीर्षात सोपानदेव सासवडला, वैशाखात मुक्ताबाई तापीकाठी, आणि ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. चौघांत थोरले निवृत्तिनाथ. ते नुसते भाऊ नव्हते, ज्ञानदेवांचे गुरू होते. ज्यांनी धाकट्याला सगळं शिकवलं त्यांनी तिघा धाकट्यांचं जाणं पाहिलं. आणि नामदेवांनी समाधीच्या अभंगांत त्या थोरल्या भावाचा शोक लिहून ठेवला आहे. गुरू आहे, ज्ञानी आहे, ह्याला कशाचं दुःख, असं नामदेव म्हणत नाहीत. ते त्याला रडू देतात. सप्ताहात हे अभंग मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या वर्षी प्रथमच ऐकले असं म्हटलं तरी चालेल. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी थोरल्या भावंडाकडे वळून पाहिलं होतं.

पेटी अर्धा पाऊस माहेरच्या माजघरात, जाड चादरीखाली राहिली. धाकटा पावसाळ्यात तिला रोज वाजवायचा, मग एकच अभंग का असेना. कोकणातला पाऊस पेटीला सोसत नाही. लाकूड फुगतं, पट्टी खाली दबते ती वर येत नाही, कातडं ओलसर होऊन बुरसतं, पितळी सुरांवर हिरवट कळंक चढतो. वाजती पेटी हे सगळं रोजच्या वाऱ्यानं झटकून टाकते. बंद पेटीला ते जमत नाही. श्रावणात भावजय म्हणाली, ‘वन्सं, ही तुम्ही घेऊन जा. मला हिच्याकडे बघवत नाही आणि हिला टाकवतही नाही.’ मी कुडाळला आणली. त्याची आठवण म्हणून कपाटावर ठेवायची, वर फुलं वाहायची, असंच माझ्या मनात होतं.

ते पेटीनं होऊ दिलं नाही. पहिल्याच रात्री मी चादर काढून भाता उघडला, आणि पट्टीला हातही लावलेला नसताना पांढरी सहा आपोआप वाजू लागली. भाता थांबवला तरी आतला साठा संपेपर्यंत वाजत राहिली. आवाज चिरका, मधेच घोगरा. तो सूर त्याचा नव्हता, कुणाचाच नव्हता. नुसत्या दुखण्याचा आवाज होता. भात्याच्या घडीत उंदरांनी कातडं कुरतडलं होतं, तिथून वारा सूं करून सुटत होता.

एका वयस्कर कारागिराकडे ती नेली. त्यानं पाठ उघडली, आत वाकून पाहिलं, आणि मला म्हणाला, ‘बाय, पेटी बंद ठेवलंस तर ती मरतली. तिका वारो होयो.’ दुरुस्त करून देतो, चतुर्थीनंतर ये, म्हणाला. मी गेले नाही, तिथंच बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तो बोलायचा कमी, पण हाकलत नव्हता.

पेटी आतून पाहिली की तिच्याबद्दलचा धाक जातो आणि आदर वाढतो. पट्टीच्या खाली एक भोक, त्यावर कातड्याची गादी लावलेलं झाकण. पट्टी दाबली की झाकण उघडतं, वारा पितळेच्या चौकटीतल्या जिभेला थरथरवत जातो, तोच सूर. एवढंच. खर्जाच्या जिभा लांब आणि जाड, वरच्या सप्तकातल्या नखाएवढ्या. चांगली रीड गुजरातेतल्या पालिताण्याहून येते, हे मला तिथं कळलं. कळंक चढलेली जीभ आधी साफ करायची. मग सूर उतरला असेल तर जिभेच्या मोकळ्या टोकाशी हलकेच खरवडायचं, म्हणजे टोक हलकं होऊन सूर चढतो. चढला असेल तर मुळाशी खरवडायचं, म्हणजे उतरतो. जरा जास्त हात पडला तर जीभ कामातून जाते. सुरुवातीला कारागीर मला जुन्या, टाकून दिलेल्या रीडवर हात बसवायला लावायचा. कानाजवळ धरून तोंडानं फुंकायची, ऐकायचं, खरवडायचं, पुन्हा फुंकायची. हे करताना डोकं दुसरीकडे नेता येत नाही. सगळं लक्ष एका पितळी जिभेच्या टोकावर लागतं. त्या वर्षात मला अनेकांनी चांगल्या गोष्टी सांगितल्या, काही पुस्तकंही दिली. पण तासभर तरी मनाला उसंत मिळाली ती त्या कानशीच्या कामात. दुःख कमी झालं म्हणणार नाही. त्याला बसायला जागा मिळाली.

पुढच्या वर्षी चतुर्थीला माहेरच्या गावच्या भजनी मंडळासमोर प्रश्न होता, पेटीवर कोण बसणार. आदल्या वर्षी त्यांनी भजनाची फेरी काढलीच नव्हती. पेटी दुरुस्त झाली आहे असं समजल्यावर पखवाजवाला आणि दोघंचौघं कुडाळला आले. मला वाटलं, पेटी मागायला आले. पखवाजवाला म्हणाला, ‘बाय, तूच बस पेटीर. आमी टाळ धरतंव.’ बाईनं मंडळात बुवाच्या जागी बसणं हे गावाला नवं होतं. घरात आईला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, भाता तर तूच मारायचीस.

पहिल्या घरी, गणपतीपुढं, धाकटा रोज सुरुवात करायचा तोच अभंग मी घेतला. त्याच्याच पट्टीत, काळी एकवर. माझा आवाज तिथं खाली जाऊन विरून गेला. दुसऱ्या ओळीला गळा भरून आला आणि शब्दच फुटेनात. पण पेटी थांबली नाही. गळ्यागत तिला सुरावरून घसरता येत नाही, म्हणून तिला हुंदकाही येत नाही. ती एकेका सुरावर पाय रोवून पुढं जात राहिली, मंडळींनी तिच्या मागून अभंग पुरा केला. रेडिओनं ज्या दोषासाठी तिला तीस वर्षं बाहेर ठेवलं, त्या दोषानं त्या रात्री मला सावरलं.

तिसऱ्या की चौथ्या घरी मी पट्टी बदलली. माझा स्वाभाविक षड्ज काळी चार. बोटं नवी जागा शोधतील, अडखळतील असं वाटलं होतं. पण हात तर त्याच त्याच झिजलेल्या पट्ट्यांवर पडत होता. घरी येऊन नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. काळी एकच्या षड्जाचा पंचम काळी चार. जिथं त्याचा पंचम, तिथं माझा षड्ज. शुद्ध सुरांचं सप्तक दोन्ही ठिकाणांहून मांडलं तर सातांपैकी सहा पट्ट्या सारख्याच येतात, फरक एकाचा. त्याचा शुद्ध मध्यम, काळी तीन, मला लागत नाही. आणि त्यानं क्वचितच हात लावलेली पांढरी पाच, ती माझा निषाद. संगीत शिकलेल्या कुणालाही हे साधं गणित वाटेल आणि ते आहेच. तरी त्या रात्री मी ती पांढरी पाच कितीतरी वेळ वाजवत बसले. माझ्या सगळ्या सप्तकात तेवढी एक जागा होती जी त्यानं वापरून ठेवलेली नव्हती, आणि बाकी सगळी त्यानं माझ्यासाठी घासून मऊ केलेली होती.

त्या दिवाळीत भाऊबीजेला शेजारणीनं आठवण केली, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. मी ओवाळलं. परंपरेनं दिलेली रीत आहे, तिला मी नाव ठेवणार नाही. मात्र मग आत येऊन भाता उघडला तेव्हाच बीज झाल्यासारखी वाटली.

कारागिराचे डोळे आता अधू झाले आहेत. बारीक काम तो माझ्याकडे पाठवतो. वेंगुर्ल्यापासून दोडामार्गापर्यंतच्या पेट्या माझ्या पडवीत येऊन बसतात: देवळांच्या, शाळांच्या, दशावताराच्या कंपन्यांच्या, आणि काही घरातला वाजवणारा गेल्यावर वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या. ह्या शेवटच्या पेट्या मला चादर काढण्याआधीच ओळखता येतात. त्या आणणारी माणसं, ‘वाजवायची नाही, नुसती नीट करून ठेवायची आहे,’ असं सांगतात. मी दुरुस्ती करते, पण कुणीतरी वाजवेल असं कबूल करून घेतल्याशिवाय पेटी परत देत नाही. काहींना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे. एक गृहस्थ वडिलांची पेटी घेऊन रागानं गेले, आणि शिमग्यानंतर आपल्या नातीला घेऊन आले.

शनिवारी देवळाच्या सभामंडपात मुलं शिकायला येतात. त्यात एक भाऊ-बहीण आहेत, ती थोरली, तो इतका लहान की त्याचा हात भात्याला पुरत नाही. पहिल्या दिवशी ती न सांगता मागं जाऊन बसली आणि भाता मारू लागली. मी एक अभंग होऊ दिला, मग दोघांच्या जागा बदलल्या. आता दर अभंगाला बदलतात. ती पट्ट्यांवर बसली की धाकटा भात्यामागून कुरकुरतो, हात दुखतो म्हणतो. मी त्याला सांगते, दुखू दे, तिचं अजून एक चरण राहिलं आहे.